वजाचे चिन्ह कोणते संकेताचे आणि कोणते निसर्गाचे? जुळ्यांच्या विरोधाभासाच्या निमित्ताने

मूळ धागा

विशेष सापेक्षता सिद्धांत शिकणाऱ्या प्रत्येकाला जुळ्यांचे उदाहरण केव्हा ना केव्हा भेटतेच. जुळ्या भावंडांपैकी भाऊ पृथ्वीवर राहतो, बहीण प्रचंड वेगाने एका ताऱ्यापर्यंत जाऊन परत येते, आणि पुन्हा भेट होते तेव्हा बहिणीचे वय भावापेक्षा कमी भरलेले असते. हा निष्कर्ष मी अनेकदा वाचला होता. स्वतः आकडे मांडून तो काढायला बसलो तेव्हा मात्र उत्तर नेमके उलटे आले, म्हणजे प्रवास करून आलेली बहीणच वयाने मोठी ठरली. गणित पुन्हा पुन्हा तपासूनही बेरीज-वजाबाकीत चूक दिसेना. अखेर ती सापडली एका वजाच्या चिन्हात, आणि त्या शोधातून मला जे समजले ते येथे सविस्तर मांडावेसे वाटते.

आकडे सोपे घेतले होते. तारा ३ प्रकाशवर्षे दूर आहे आणि बहिणीचा वेग प्रकाशवेगाच्या ०.६ पट आहे. भावाच्या घड्याळानुसार तिला जाण्यास ५ वर्षे आणि येण्यास ५ वर्षे लागतात, म्हणजे भावाची एकूण १० वर्षे जातात. काळ वर्षांत आणि अंतर प्रकाशवर्षांत मोजले की प्रकाशवेग १ होतो आणि सूत्रांत त्याचे ओझे राहत नाही. आता बहिणीच्या घड्याळात एका बाजूच्या प्रवासात किती वर्षे मोजली गेली, म्हणजे तिचा स्वकाल किती, हे काढायचे आहे.

मी दोन पुस्तके समोर ठेवली होती. जुन्या पुस्तकात काळाचा घटक काल्पनिक धरलेला होता, म्हणजे काळाला ऋण १ च्या वर्गमुळाने गुणून तो चौथा निर्देशक मानला होता. असे केले की चारही घटकांच्या वर्गांची सरळ बेरीज करता येते आणि सूत्र पायथागोरसच्या प्रमेयासारखे दिसते. नव्या पुस्तकात सर्व घटक वास्तव होते आणि वजाचे चिन्ह मेट्रिकमध्ये, म्हणजे घटकांच्या वर्गांना कोणते चिन्ह लावून बेरीज करायची ते सांगणाऱ्या नियमात, होते, (− + + +) या क्रमाने. मी काळाचा घटक पहिल्या पुस्तकातून घेतला आणि मेट्रिक दुसऱ्यातून. काल्पनिक काळाचा वर्ग −२५ आला, मेट्रिकमधल्या वजाने त्याचे +२५ केले, त्यात अंतराचे ९ मिळवले आणि बेरीज ३४ झाली. तिचे वर्गमूळ सुमारे ५.८३. दोन्ही बाजूंचा प्रवास धरून बहिणीची ११.६६ वर्षे गेली असे उत्तर मिळाले.

वजाचे चिन्ह एकदाच वापरले पाहिजे, हे लक्षात आल्यावर गणित सरळ झाले:

स्वकाल² = काल² − अंतर² = २५ − ९ = १६

म्हणजे एका बाजूला ४ वर्षे आणि दोन्ही मिळून ८. भाऊ १० वर्षांनी मोठा झाला, बहीण ८ वर्षांनी.

चूक दुरुस्त झाली, तरी एक प्रश्न मनातून जाईना. चिन्हांची निवड हा केवळ संकेत आहे, असे प्रत्येक पुस्तक सुरुवातीलाच सांगते. मग एका चिन्हाने बहीण लहान असण्याऐवजी मोठी कशी झाली? संकेत बदलल्याने कोणाचे वय बदलत नाही.

या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की सापेक्षतेत आपण ‘चिन्ह’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. मेट्रिक (+ − − −) लिहायचे की (− + + +), हा निव्वळ संकेत आहे. संपूर्ण सूत्राला −१ ने गुणले तरी निसर्गाविषयी काहीच वेगळे म्हटले जात नाही. पहिल्या पद्धतीत वरच्या प्रवासासाठी अंतरालाचा, म्हणजे काळ आणि अंतर एकत्र धरून येणाऱ्या मापाचा, वर्ग +१६ येतो आणि दुसऱ्या पद्धतीत −१६. पहिल्या पद्धतीत स्वकाल हे त्याचे वर्गमूळ असते, दुसऱ्या पद्धतीत आधी चिन्ह बदलून मग वर्गमूळ घ्यायचे असते, आणि उत्तर दोन्हीकडे ४ च येते. काळाचे चिन्ह आणि अवकाशाचे चिन्ह परस्परविरुद्ध आहेत, ही मात्र संकेताची बाब नाही. ती जगाविषयीची वस्तुस्थिती आहे आणि ती घड्याळांनी तपासता येते. माझ्या चुकीने नेमके हे परस्परविरुद्ध असणेच पुसून टाकले होते. २५ अधिक ९ हे गणित युक्लिडच्या भूमितीचे आहे. ज्या जगात काळ हे अवकाशासारखेच चौथे परिमाण असते, अशा जगाचे मी उत्तर काढले होते आणि त्या जगात बहीण खरोखरच मोठी ठरली असती.

तिसरे चिन्ह वेगाचे. एका निरीक्षकाची मोजणी दुसऱ्याच्या मोजणीत बदलणाऱ्या लॉरेंट्झ रूपांतरणात वेग आणि अंतर यांच्या गुणाकारासमोर जे वजा असते, ते बहीण मागे फिरताना बदलावे लागते, आणि जुळ्यांच्या उदाहरणाविषयीचे बहुतेक वाद तेथे उगम पावतात असे मला वाटते. त्याविषयी चर्चेत लिहिता येईल.

काल्पनिक काळाची पद्धत टाकाऊ होती, असे मला सुचवायचे नाही. गणितज्ञ मिंकोव्हस्की यांनी २१ सप्टेंबर १९०८ रोजी कोलोन येथे दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात तिचा उपयोग केला होता आणि त्यांच्या आधी गणितज्ञ प्वांकारे यांनीही केला होता. स्वकाल ही कल्पनादेखील मिंकोव्हस्की यांचीच आहे. पण आज शिकणाऱ्याने ती पद्धत टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भेद काल्पनिक संख्येच्या आड लपला की तो भेद आहे हेच विसरायला होते, आणि माझ्या बाबतीत तेच घडले.

प्रतिसाद १

आकडे पटले, पण चित्र पटत नाही. कागदावर काळाचा अक्ष उभा आणि अंतराचा आडवा घेतला तर भावाची विश्वरेषा, म्हणजे त्याची अवकाशकालातली वाट, सरळ उभी येते आणि बहिणीची एका बाजूला कोन करून परत येते. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हे आपण शाळेपासून शिकलो. चित्रात बहिणीची रेषा डोळ्यांना धडधडीत लांब दिसत असताना तिच्यावरचा काळ कमी कसा भरतो?

धागाकर्त्याचे उत्तर

कागद युक्लिडचा आहे आणि त्यावर काढलेला अवकाशकाल युक्लिडचा नाही, हेच याचे मूळ आहे. पट्टी लावून मोजलेली लांबी ही काल² + अंतर² याचे वर्गमूळ असते. आपल्याला हवा असलेला स्वकाल काल² − अंतर² याचे वर्गमूळ असतो. म्हणून कागदावर रेषा जितकी कलते तितकी ती लांब दिसते आणि तिच्यावरचा स्वकाल तितकाच घटतो. ४५ अंशांनी कललेली रेषा ही प्रकाशाची वाट असते. कागदावर ती चांगली लांब दिसते, पण तिच्यावरचा स्वकाल शून्य असतो.

त्रिकोणाची असमानता येथे उलटी होते. एका घटनेपासून दुसऱ्या घटनेपर्यंत जाणाऱ्या सर्व संभाव्य वाटांमध्ये सरळ, त्वरणरहित वाटेवरचा स्वकाल सर्वाधिक असतो. किमान स्वकाल देणारी वाट मात्र नसतेच, कारण प्रकाशवेगाच्या अधिकाधिक जवळ जाऊन नागमोडी प्रवास केला तर स्वकाल शून्याच्या हवा तितका जवळ नेता येतो. युक्लिडच्या भूमितीत सरळ रेषा सर्वांत लहान असते, येथे ती सर्वांत मोठी असते, आणि या दोन विधानांमध्ये फरक आहे तो त्या एका परस्परविरुद्ध चिन्हाचा. जुळ्यांचा विरोधाभास म्हणून जे सांगितले जाते ते माझ्या मते या उलट्या असमानतेचे एक उदाहरण आहे. दोन गावांमधल्या दोन रस्त्यांची लांबी वेगळी असल्याचे आपल्याला आश्चर्य वाटत नाही. दोन घटनांमधल्या दोन वाटांचा काळही तसाच वेगळा असतो.

प्रतिसाद २

मी मूलकणांच्या भौतिकीकडून या विषयाकडे आलो, त्यामुळे (+ − − −) हा संकेत माझ्या हाताला बसला आहे. त्याची सोय अशी की आपण ज्या कणांचा अभ्यास करतो त्यांच्या चतुःसंवेगाचा, म्हणजे ऊर्जा आणि संवेग यांच्या एकत्रित राशीचा, वर्ग धन येतो आणि तो थेट वस्तुमानाचा वर्ग असतो: ऊर्जा² − संवेग² = वस्तुमान². दुसऱ्या संकेतात हाच वर्ग उणे वस्तुमानाचा वर्ग असा लिहावा लागतो आणि प्रत्येक ठिकाणी एक वजा सांभाळावे लागते.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. सूत्रातले प्रत्येक वजा संकेतामुळे आलेले असते, असे समजू नये. मुक्त कणाची क्रिया, म्हणजे ज्याला आपण ॲक्शन म्हणतो ती, कणाची वाट ठरवणारी राशी, वस्तुमान आणि एकूण स्वकाल यांच्या गुणाकारासमोर वजा लावून लिहितात. ते वजा दोन्ही संकेतांत तसेच राहते. कारण वेग लहान असताना −वस्तुमान × √(१ − वेग²) याचा विस्तार केला तर −वस्तुमान + ½ × वस्तुमान × वेग² असे मिळते आणि गतिज ऊर्जेचे पद धन येते. बाहेरचे वजा काढले तर गतिज ऊर्जा ऋण होईल. प्रतिसाद १ च्या उत्तरात स्वकाल सर्वाधिक असणारी वाट सांगितली आहे, तीच या वजामुळे किमान क्रियेची वाट ठरते. संकेत बदलताना मी पाहिले आहे की विद्यार्थी उत्साहाने हे वजासुद्धा बदलून टाकतात.

प्रतिसाद ३

गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासकांना (− + + +) अधिक जवळचा वाटतो, आणि त्यामागेही सबळ कारण आहे. या संकेतात निव्वळ अवकाशातले अंतर नेहमीच्या पायथागोरसप्रमाणे धन येते. अवकाशी घटकांचे निर्देशांक वर-खाली केले, म्हणजे घटकांना मेट्रिकमधल्या चिन्हाने गुणले, तरी त्यांचे चिन्ह बदलत नाही, फक्त काळाच्या घटकाचे बदलते. तीन वजांऐवजी एक वजा सांभाळणे मला तरी सोपे जाते.

नवे पुस्तक किंवा शोधनिबंध हाती घेतला की मी पहिल्यांदा एक चाचणी करतो. स्थिर घड्याळ घ्यावे, त्याच्यासाठी अंतर शून्य ठेवावे आणि लेखकाच्या सूत्रातून अंतरालाचा वर्ग काढावा. तो धन आला तर एक संकेत, ऋण आला तर दुसरा. त्यानंतरच त्या पुस्तकातले सूत्र दुसऱ्या पुस्तकातल्या सूत्राशेजारी ठेवावे. धागाकर्त्यांनी ही चाचणी केली असती तर काल्पनिक काळ आणि वजा असलेले मेट्रिक एकत्र आल्याचे लगेच कळले असते, कारण (− + + +) असूनही स्थिर घड्याळासाठी वर्ग धन आला असता.

पूर्णतेसाठी एक बारकावा नोंदवतो. दोन संकेत प्रत्येक बाबतीत समतुल्य आहेत, हे म्हणणे घड्याळे, संवेग आणि क्षेत्रे यांच्यापुरते निःशंकपणे खरे आहे. मात्र या मेट्रिकांवर रचलेली वास्तव क्लिफर्ड बीजगणिते, म्हणजे फिरकीच्या गणितात लागणाऱ्या बीजगणिती रचना, परस्परांशी समरूप नाहीत. एक चतुर्दली संख्यांच्या (क्वाटर्नियनच्या) २ × २ सारण्यांचे असते आणि दुसरे वास्तव संख्यांच्या ४ × ४ सारण्यांचे. फिरकी असलेल्या कणांचे परावर्तन अभ्यासताना या भेदाचा विचार करावा लागतो. जुळ्यांच्या वयाशी त्याचा संबंध नाही.

प्रतिसाद ४

माझी शंका अधिक मूलभूत आहे. गती सापेक्ष असेल तर बहिणीने भावाचेच घड्याळ मंद चालते असे म्हणायला हवे. ०.६ वेगासाठी लॉरेंट्झ गुणक, म्हणजे घड्याळ किती पट मंद चालते तो आकडा, १.२५ येतो. तिच्या जाण्याच्या ४ वर्षांत भावाची ४ भागिले १.२५, म्हणजे ३.२ वर्षे जातात. येण्याच्या ४ वर्षांतही ३.२. एकूण ६.४ वर्षे. मग भाऊ १० वर्षांनी मोठा झाला की ६.४ वर्षांनी? दोन्ही उत्तरे बरोबर असू शकत नाहीत, कारण शेवटी ती दोघे समोरासमोर उभी आहेत आणि घड्याळ एकच आकडा दाखवते.

धागाकर्त्याचे उत्तर

ही शंका इतक्या नेमक्या आकड्यांत मांडल्याबद्दल मनापासून आभार. मूळ लेखात ज्या तिसऱ्या चिन्हाचा उल्लेख केला ते येथेच लागते.

लॉरेंट्झ रूपांतरण काळासाठी असे आहे: नवा काल = १.२५ × (काल − वेग × अंतर). बहीण ताऱ्यापाशी पोहोचली ही घटना भावाच्या मोजणीत काल ५, अंतर ३ अशी आहे. त्याच क्षणी पृथ्वीवर काय वेळ झाली आहे, हा प्रश्न जाणाऱ्या चौकटीत, म्हणजे जाणाऱ्या बहिणीच्या वेगाने चालणाऱ्या निरीक्षकाच्या मोजणीत, विचारला तर ज्या पृथ्वीवरच्या घटनेचा नवा काल ताऱ्यावरच्या घटनेइतकाच आहे ती शोधायची. पृथ्वीवर अंतर शून्य असल्यामुळे उत्तर ५ − (०.६ × ३) = ३.२ वर्षे मिळते. आपण काढलेले पहिले ३.२ ते हेच, आणि ते बरोबर आहे.

आता बहीण मागे फिरते. तिचा वेग +०.६ होता तो −०.६ झाला. तोच प्रश्न येणाऱ्या चौकटीत विचारला तर ५ − (−०.६ × ३) = ५ + १.८ = ६.८ वर्षे. ताऱ्यावरची घटना तीच, बहीण तीच, पण ‘आत्ता पृथ्वीवर किती वाजले’ याचे उत्तर ३.२ वरून ६.८ वर गेले. परतीच्या प्रवासात आणखी ३.२ वर्षे जातात आणि ६.८ अधिक ३.२ म्हणजे १०. आपल्या हिशेबातून मधली ३.६ वर्षे निसटली होती. मागे फिरताना वेगाचे चिन्ह बदलले नाही, म्हणजेच दोन वेगवेगळ्या चौकटींतल्या एकसमयतेला, म्हणजे दूरच्या ‘आत्ता’ला, एकच मानले, की हा खड्डा दिसत नाही आणि ६.४ हे उत्तर येते.

अक्षाची दिशा उलटी निवडली तर काय, असे कोणी विचारील. तारा −३ वर आणि जाण्याचा वेग −०.६ धरला तरी त्यांचा गुणाकार +१.८ च राहतो. अक्षाची दिशा हा संकेत आहे आणि तो उत्तर बदलत नाही. मागे फिरणे हा संकेत नाही, ती घडलेली गोष्ट आहे, आणि तिने गुणाकाराचे चिन्ह खरोखर बदलते.

प्रतिसाद ५

म्हणजे शेवटी त्वरणच कारणीभूत ठरले. बहिणीने मागे फिरताना त्वरण अनुभवले, भावाने नाही. मागे फिरण्याच्या त्या अल्पकाळात भावाचे वय ३.६ वर्षांनी वाढले, असे सरळ म्हणावे.

प्रतिसाद ६

प्रतिसाद ५ मधले पहिले वाक्य अर्धे खरे आहे आणि शेवटचे अजिबात मान्य करता येत नाही.

त्वरणामुळे बहिणीची वाट सरळ राहत नाही, एवढे खरे. पण त्वरण घड्याळावर स्वतंत्र परिणाम करून काळ कमी करते, हे प्रयोगाशी जुळत नाही. सर्न या युरोपीय संशोधन केंद्रातील साठवण वलयात म्यूऑन, म्हणजे थोड्याच काळात विघटन पावणारे मूलकण, वर्तुळाकार फिरवून केलेल्या मोजणीचे निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे लॉरेंट्झ गुणक सुमारे २९.३ होता. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य सुमारे २.२ मायक्रोसेकंद असते, वलयात ते सुमारे ६४.४ मायक्रोसेकंद आढळले, म्हणजे केवळ वेगावरून अपेक्षित असलेल्या गुणकाइतकेच वाढले. त्या म्यूऑनांचे त्वरण पृथ्वीवरील गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १०^१८ पट होते. एवढ्या त्वरणाचाही वेगळा परिणाम दिसला नाही. शिवाय ते म्यूऑन बंद वाटेने फिरून त्याच जागी परत येत होते, म्हणजे तो जुळ्यांचाच प्रयोग होता.

त्वरण पूर्णपणे वगळूनही हे उदाहरण मांडता येते. एक यान ०.६ वेगाने पृथ्वीजवळून जाते आणि त्या क्षणी आपले घड्याळ शून्यावर लावते. ताऱ्यापाशी त्याला समोरून येणारे दुसरे यान भेटते आणि पहिल्याच्या घड्याळातली वेळ आपल्या घड्याळात लावून घेते. दुसरे यान पृथ्वीजवळून जाते तेव्हा त्याच्या घड्याळात ८ आणि पृथ्वीवरच्या घड्याळात १० वर्षे असतात. येथे कोणत्याही घड्याळाला त्वरण मिळालेले नाही. दोन चौकटी मात्र आहेत, आणि भौतिकशास्त्रज्ञ माक्स फोन लाउए यांनी या विषयाच्या आरंभकाळातच त्यावर बोट ठेवले होते: एक भावंड एकाच जडत्वीय, म्हणजे त्वरण नसलेल्या, चौकटीत राहते, दुसऱ्याचा हिशेब दोन चौकटींत वाटला जातो.

आता शेवटच्या वाक्याविषयी. समजा बहीण ताऱ्यापाशी मागे फिरली नाही, उलट वेग ०.६ वरून ०.८ केला आणि पुढेच गेली. तेच सूत्र लावू. आधी तिच्या दृष्टीने पृथ्वीवर ३.२ वर्षे झाली होती. आता ५ − (०.८ × ३) = २.६ वर्षे झाली. म्हणजे तिने इंजिन चालू केल्याने भाऊ ०.६ वर्षांनी लहान झाला असे म्हणायचे का? कोणीही तसे म्हणणार नाही. मग मागे फिरताना भाऊ झटक्यात ३.६ वर्षांनी मोठा झाला, असेही म्हणू नये. बदलतो तो दूरच्या घटनांना वेळेची लेबले लावण्याचा हिशेब. भावाच्या आयुष्यात त्या क्षणी काहीही विशेष घडत नाही.

प्रतिसाद ५ लिहिणाऱ्यांचे उत्तर

वेग वाढवून पुढे जाण्याचे उदाहरण मी कधीच तपासले नव्हते. आपला आक्षेप मान्य आहे. तरीही एक बाजू मांडतो. स्वतः आइनस्टाइन यांनी १९१८ मध्ये संवादाच्या रूपात लिहिलेल्या लेखात, मागे फिरताना प्रवाशाच्या चौकटीत एक गुरुत्वक्षेत्र निर्माण होते आणि त्यात उंचावर असलेले पृथ्वीचे घड्याळ जलद चालते, अशा प्रकारचे स्पष्टीकरण दिले होते. माझे विधान त्यावर आधारलेले होते.

धागाकर्त्याचे उत्तर

ते स्पष्टीकरण चुकीचे नाही, आणि चिन्हांच्या दृष्टीने ते फार बोधप्रद आहे. मागे फिरताना बहिणीचा जोर पृथ्वीच्या दिशेने असतो, म्हणून तिला वाटणारे वजन पृथ्वीपासून दूर खेचते. तिच्या लेखी पृथ्वी ‘वर’ येते, वरचे घड्याळ जलद चालते, आणि चिन्ह धन येते. पुढे वेग वाढवला तर जोर उलट दिशेला असतो, पृथ्वी ‘खाली’ येते आणि चिन्ह ऋण होते. प्रतिसाद ६ मधल्या +३.६ आणि −०.६ या दोन आकड्यांची चिन्हे यातून बरोबर मिळतात. निघताना आणि परत पोहोचताना बहिणीला त्वरण असतेच, पण तेव्हा भावंडे जवळ असतात, अंतर जवळजवळ शून्य असते आणि गुणाकारही शून्य येतो. त्वरण तेवढेच असूनही दूर असताना त्याचा हिशेबावर परिणाम होतो आणि जवळ असताना होत नाही. त्वरण स्वतः वय कमी करत नाही, हेच यावरून पुन्हा दिसते.

प्रतिसाद ७

एकसमयतेच्या हिशेबाविषयी इतका वाद होतो म्हणून मी विद्यार्थ्यांना ती पूर्ण बाजूला ठेवायला सांगते. दोघांनी दरवर्षी एकमेकांना एक प्रकाशसंकेत पाठवावा आणि प्रत्यक्ष किती संकेत मिळाले ते मोजावे. येथे दूरच्या ‘आत्ता’चा प्रश्नच येत नाही.

डॉप्लर गुणक, म्हणजे संकेत किती पट वेगाने मिळतात तो आकडा, (१ + वेग) भागिले (१ − वेग) याच्या वर्गमुळाइतका असतो. ०.६ साठी तो १.६ भागिले ०.४, म्हणजे ४ चे वर्गमूळ, २ येतो. जवळ येताना संकेत दुप्पट वेगाने मिळतात आणि वेगाचे चिन्ह बदलून दूर जाताना निम्म्या वेगाने. बहिणीला जाताना ४ वर्षांत २ संकेत मिळतात आणि येताना ४ वर्षांत ८ संकेत. एकूण १०, म्हणजे भावाची १० वर्षे.

भावाचे काय? बहीण पाचव्या वर्षी मागे फिरते, पण ते दृश्य पृथ्वीवर पोहोचायला ३ वर्षे लागतात. म्हणून भावाला ८ वर्षे निम्म्या वेगाने संकेत मिळतात, ते ४ होतात. उरलेल्या २ वर्षांत दुप्पट वेगाने मिळतात, तेही ४ होतात. एकूण ८. दोघांना दिसणारे गुणक अगदी सारखे आहेत, अर्धा आणि दोन. फरक आहे तो बदल केव्हा दिसतो यात. बहिणीला तो तिच्या प्रवासाच्या मध्यावर दिसतो, भावाला दहापैकी आठव्या वर्षाच्या अखेरीस. गती सापेक्ष असूनही दोघांची स्थिती सारखी का नाही, याचे याहून स्वच्छ उत्तर मला सापडलेले नाही.

प्रतिसाद ८

प्रत्यक्ष घड्याळांच्या प्रयोगातही चिन्हाचा असाच धडा आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी सीझियमची अणुघड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, एकदा पूर्वेकडे आणि एकदा पश्चिमेकडे. सूत्रात वेगाचा वर्ग येतो, म्हणून दिशा कोणतीही असली तरी वेगामुळे घड्याळ मागेच पडेल, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात पूर्वेकडे गेलेली घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत ५९ ± १० नॅनोसेकंदांनी मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ ± ७ नॅनोसेकंदांनी पुढे गेली.

कारण असे की जमिनीवरचे घड्याळ येथे घरी बसलेला भाऊ नाही. तेसुद्धा पृथ्वीबरोबर पूर्वेकडे फिरत असते. पृथ्वीच्या केंद्राशी जोडलेल्या, न फिरणाऱ्या चौकटीत पाहिले तर पूर्वेकडचे विमान जमिनीपेक्षा जलद जाते आणि पश्चिमेकडचे जमिनीपेक्षा सावकाश. दोन वेगांच्या बेरजेचा वर्ग केला की मधले गुणाकाराचे पद उरते आणि दिशेबरोबर त्याचे चिन्ह बदलते. केवळ गतीमुळे अपेक्षित फरक पूर्वेकडे −१८४ आणि पश्चिमेकडे +९६ नॅनोसेकंद होता. उंचीमुळे गुरुत्वाचा परिणाम दोन्हीकडे धन, अनुक्रमे +१४४ आणि +१७९. बेरीज −४० ± २३ आणि +२७५ ± २१ येते आणि मोजलेले आकडे तिच्याशी जुळतात.

प्रतिसाद ४ लिहिणाऱ्यांचे उत्तर

सर्व प्रतिसाद वाचून मी वेगळे आकडे घेऊन पुन्हा गणित केले. वेग ०.८, तारा ४ प्रकाशवर्षे दूर. मी (− + + +) संकेत घेतला. एका बाजूसाठी अंतरालाचा वर्ग −२५ + १६ = −९, चिन्ह बदलून वर्गमूळ ३. बहिणीची ६ वर्षे, भावाची १०. एकसमयतेचा हिशेब: जाताना ५ − ३.२ = १.८, येताना ५ + ३.२ = ८.२, मधली तफावत ६.४, आणि १.८ + ६.४ + १.८ = १०. डॉप्लर गुणक ३ येतो, म्हणून बहिणीला जाताना १ आणि येताना ९ संकेत, एकूण १०. तिन्ही वाटांनी उत्तर जुळले.

एका गोष्टीने मात्र थांबलो. मूळ लेखातली चूक मुद्दाम करून पाहिली तेव्हा २५ + १६ = ४१ आणि त्याचे वर्गमूळ ६.४० आले. तफावतही ६.४ च आहे. त्या चुकीच्या उत्तराला काही अर्थ आहे का?

धागाकर्त्याचे उत्तर

गणित सर्व बाजूंनी बरोबर आहे. ६.४ ची जुळणी मात्र योगायोग आहे. ४१ चे वर्गमूळ ६.४०३ च्या आसपास असते, नेमके ६.४ नसते, आणि तफावत २ × ०.८ × ४ या गुणाकारातून नेमकी ६.४ येते. माझ्या मूळ आकड्यांत हे दोन अंक ५.८३ आणि ३.६ असे अगदी दूर होते, त्यावरूनही त्यांचा परस्परांशी संबंध नाही हे दिसेल. आपल्या आधीच्या शंकेतले ६.४ हे तिसऱ्याच कारणाने आले होते, ३.२ च्या दुपटीमुळे.